बासरी आणि सतार एकत्र वाजवताना सतार बुडते, काय करावं? (सांगली-मिरज)

कृष्णाकाठची_बासरी · १५ सप्टेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न नीट कळणार नाही.

मी सांगलीत बँकेत नोकरी करते, अकरा वर्षं बासरी शिकतेय. मिरजेला माझ्या बाबांचे एक मित्र आहेत, आम्ही त्यांना काकाच म्हणतो. ते चाळीस वर्षं सतार वाजवतात, पण घरात. कधी स्टेजवर बसले नाहीत. ह्या गणपतीत विश्रामबागला एका मंडळात मी हट्टानं त्यांना बसवलं. तबल्याला त्यांचा भाचा. राग यमन.

माझी बासरी पांढरी तीनची, म्हणजे तिचा सा पेटीच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीचा, काकांची सतार कायम काळी एकला, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीला, तीन अर्धे सूर खाली. मला वाटलं सतारीला काय, खुंट्या पिळायच्या की झालं, बासरीचा सा तर हलत नाही. काकापण म्हणाले बघू चढवून. दुपारी चारला लावायला बसले ते पावणेसहाला उठले, मुख्य बाजाची तार, जोडाच्या, बाजूच्या चिकाऱ्या आणि खाली आपोआप घुमणाऱ्या तेरा तरफा, आणि दर वेळी शेवटची लावून होईपर्यंत पहिली उतरलेली. मी समोर बसून फक्त बघत होते.

आलाप सुरू होऊन पाच मिनिटं झाली नाहीत तोवर बाजाची तार तुटली. मांडवात शंभर माणसं, त्यात बारकी पोरं, सगळे एकदम गप्प. काकांनी दुसरी तार चढवली पण नवी तार ती, बसेपर्यंत उतरतच राहिली. वर हॅलोजन तापलेले. मला सारखं जाणवत होतं की मी वर आहे आणि ते खाली आहेत, आणि घाबरले की मी जोरात फुंकते, म्हणजे अजूनच वर.

घरी आल्यावर भावानं केलेलं रेकॉर्डिंग ऐकलं. मी जिथं श्वास घेते तेवढ्याच जागी सतार ऐकू येते. बाकी सगळी बासरी.

परत जाताना काका स्कूटरवर माझ्या मागं बसलेले, सतार खोळीत घालून उभी धरून. मिरज येईपर्यंत काही बोलले नाहीत. दारात उतरले आणि म्हणाले, "बासरी छान झाली हो पोरी आज." एवढंच.

मला त्या वाक्यानं अजून झोप नाही. कोजागिरीला आमच्या गच्चीवर पुन्हा बसायचं ठरवलंय, पन्नासेक माणसं असतील. बासरी आणि सतार असं जोडकाम कुणी केलंय का? आवाज कसा जुळवायचा, सा कुठला धरायचा, सगळं सांगा.

तरफेची_तार (मिरज) · १५ सप्टेंबर, रात्री ११:२५

ताई, पांढरी तीनला चढवली म्हणजे अगदी चूक केली बघा. रागवू नका, पण आमच्या घरात तीन पिढ्या सतारी घडवायचंच काम चाललंय म्हणून सांगतो. तार तुटली ते एका अर्थी बरं झालं, ताण दांडीवर आणि तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर, राहिला असता तर महिन्याभरात पडदे बोलेनासे झाले असते. काळी एकच्या सतारीची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, त्या दाबाला घासलेली असते. जवारी म्हणजे घोडीचा माथा इतका बारीक उतार देऊन घासायचा की तार हलली की माथ्याला चाटून जावी, त्यानंच तो झणकार येतो. तार जास्त ताणली की ती माथ्यावर जोरात बसते आणि जवारी बंद होते. म्हणजे तुमच्या काकांची सतार त्या दिवशी बारीक तर झालीच, वर मुकीपण झाली. चाळीस वर्षं ज्या आवाजाची सवय तो आवाजच त्यांना मिळाला नाही.

भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडनं येतो, तो वाळवून, कापून, त्याला दांडी जोडून, पडदे बांधून शेवटी जवारी काढेपर्यंत किती हात लागतात. २०२४ ला मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेव्हापासनं चौकशीला लोक येतात, चांगलं आहे, पण येणारा प्रत्येक जण विचारतो आवाज मोठा येईल का. भोपळ्याचा आवाज भोपळ्याएवढाच असतो हो. तो मांडवासाठी केलेलाच नाही.

सतार काळी एकलाच ठेवा. फार तर पांढरी दोन. जे काही बदलायचं ते बासरीकडं बदला.

भौतिकशास्त्र_सर (सांगली) · १६ सप्टेंबर, सकाळी ७:१०

वरच्या पोस्टला आकडे जोडतो. तारेची जाडी आणि लांबी तीच ठेवून सूर चढवला तर ताण सुराच्या कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. काळी एक ते पांढरी तीन म्हणजे तीन अर्धस्वर, म्हणजे सुमारे १.१९ पट, त्याचा वर्ग केला की १.४१. प्रत्येक तारेवर ४१ टक्के जादा ताण, आणि तारा वीसच्या आसपास. पांढरी दोनला गेलात तर हेच १२ टक्के.

आणि 'मी वर, ते खाली' हा तुमचा भास नव्हता. बासरीत हवा वाजते, हवा तापली की तिच्यातला ध्वनीचा वेग वाढतो आणि सूर चढतो, साधारण दर अंशाला ३ सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग). मांडवात सहा अंशांनी उकाडा वाढला की बासरी १८ सेंट वर. सतारीत पोलाद वाजतं, ते तापलं की पसरतं आणि सूर उतरतो. म्हणजे एकाच हॅलोजनखाली तुमची दोन वाद्यं एकमेकांपासून उलट दिशेला पळत होती. कुणाचाही दोष नाही. कोजागिरीला उलटं होईल. रात्री गच्चीवर गारवा पडेल, तारा चढतील आणि बासरी उतरेल. वाजवायच्या आधी बासरी अर्धा तास उघड्यावर ठेवू नका, हातात धरा, अधूनमधून हलकी फुंक मारत राहा.

साउंडवाला_इस्लामपूर · १६ सप्टेंबर, दुपारी १:५०

मॅडम, साउंडचं मी सांगतो, आमच्याकडं गणपती-नवरात्रात असे कार्यक्रम लई असतात आणि ऑपरेटरला सांगणारं कोणी नसतं म्हणून हे होतं.

तुमच्या मंडळातल्या साउंडवाल्यानं दोन्ही चॅनेलचे काटे बरोबरीला आणून ठेवले असणार. चुकतं तिथंच. सतारीचा काटा नखी लागली की टणकन वर उडतो आणि लगेच खाली येतो, बासरीचा काटा तुम्ही फुंकताय तोपर्यंत वरच उभा. काटा बरोबर दिसला तरी कानाला बासरी दुप्पट लागते. मी कधीही सतार आधी लावतो, ती एकटीच वाजवून घेतो, ती समाधानानं ऐकू आली की मग बासरी खालून हळूहळू वर आणतो आणि सतारीचा शेवट झाकायला लागली की थोडी मागं घेऊन थांबतो.

सतारीला कंडेन्सर माइक, तबलीपासून एक वीतभर, घोडीच्या जरा बाजूला. बासरीला साधा डायनॅमिक चालतो, तोंडासमोर न धरता कडेला, नाहीतर फुंकेचा सूं सूं येतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सतारवाल्यासमोर मॉनिटर मोठा ठेवू नका, भोपळा पोकळ आहे, मॉनिटरचा आवाज त्यात घुमतो आणि शिट्टी मारतो, मग ऑपरेटर घाबरून सतारच खाली करतो. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये हेच झालं असेल.

पन्नास माणसांना गच्चीवर माझं ऐकाल तर बासरीला माइकच लावू नका.

पेटीवाली_मावशी (सातारा) · १६ सप्टेंबर, रात्री ९:०५

बाळा, तुझी पोस्ट वाचून डोळ्यांत पाणी आलं. काकांचं ते वाक्य मला कळलं. आमच्या पिढीतली माणसं स्वतःचं वाईट झालं की दुसऱ्याचं कौतुक करतात.

मी तीस वर्षं पेटी शिकवते, साथही करते. पेटी आणि गळा हीसुद्धा विजोड जोडीच की. पेटीचे सूर ठोकून बसवलेले, गळा श्रुतीश्रुतीनं फिरतो. गाणारा मारव्यात कोमल रिषभावर थांबला की मी तो सूर देतच नाही, हात उचलते, कारण माझा रिषभ तिथला नाही. साथ करायला शिकले त्यात निम्मं शिक्षण हात कधी उचलायचा याचं होतं. म्हणून सांगते, यमन वाजवताना तू किती वेळा बासरी ओठावरून खाली घेतलीस ते आठव. बासरी लांब सूर धरू शकते म्हणून धरतच राहायचं असं नाही ना गं.

बिस्मिल्ला खाँसाहेबांची सनई आणि विलायत खाँसाहेबांची सतार एकत्र बसलेली आहे. सनईएवढं जोरकस वाद्य. ते रेकॉर्डिंग काढून ऐक, आणि सनई कधी वाजतेय ते ऐकू नकोस, कधी वाजत नाहीये ते ऐक. शिवकुमार शर्माजींचं संतूर आणि हरिप्रसादजींची बासरी तर तुला माहीत असेलच, संतूरचा सूरही सतारीसारखा लगेच विरतो.

कृष्णाकाठची_बासरी · २० सप्टेंबर, रात्री ११:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. मावशी, तुमचं वाचून मी रेकॉर्डिंग पुन्हा लावलं आणि घड्याळ घेऊन बसले. पहिल्या दहा मिनिटांत मी बासरी फक्त दोनदा खाली घेतली होती, एकदा तार तुटली तेव्हा आणि एकदा पाणी प्यायला.

पांढरी दोनची बासरी एका मैत्रिणीकडून आणून बघितली. लांब आहे, भोकं लांब लांब, माझी अनामिका ताणूनही खालच्या भोकावर पूर्ण बसत नाही, फट राहते आणि पंचम फाटतो. चार दिवस घासलं, आलाप जमतो पण ताना गेल्या. वीस-बावीस दिवसांत हात बसणार नाही. आणि काकांना विचारलं तर म्हणाले अर्धा सूर चढवतो की, त्यात काय. पण मला आता त्यांना काहीच चढवायला लावायचं नाहीये.

वाईचा_व्हायोलिन · २१ सप्टेंबर, सकाळी ८:३०

बासरी पांढरी तीनचीच ठेवा, सतार काळी एकलाच ठेवा. सा मात्र बासरीच्या धैवतावर धरा.

पांढरी तीनच्या बासरीचा शुद्ध धैवत म्हणजे काळी एकच येतो, पाच भोकं बंद. ऐकायला अवघड वाटेल पण आता भूप रागाचे पाच सूर घ्या आणि धैवतापासून मोजायला लागा. ध सा रे ग प. धैवताला सा म्हटलं की सा झाला कोमल गंधार, रे झाला मध्यम, ग झाला पंचम आणि प झाला कोमल निषाद. सा ग॒ म प नि॒, म्हणजे धानी राग. भूपाची मूर्च्छना आहे ही, म्हणजे सूर तेच, सा दुसरा, आमच्या गुरुजींनी आम्हाला व्हायोलिनवर खेळ म्हणून शिकवली होती. तुमच्यासाठी फायदा असा की भूपाच्या पाची सुरांना बासरीवर एकही भोक अर्धं उघडावं लागत नाही. बोटं तुमच्या सवयीचीच, ताना तुमच्या हातातल्याच, फक्त तंबोरा काळी एकचा.

एक अडचण आहे. बासरीचा सगळ्यात खालचा सूर पंचम, तो इथं मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला, कोमल निषाद होतो. त्याच्या खाली तुम्हाला जाताच येणार नाही. मंद्र सप्तक संपलं.

कृष्णाकाठची_बासरी · २१ सप्टेंबर, सकाळी ८:५५

मंद्र सप्तक काकांकडे! सतारीचा खर्ज तर तिथंच आहे!! संध्याकाळी मिरजेला जाते.

घराणं_आणि_रियाज · २१ सप्टेंबर, रात्री १०:००

मला हे पटत नाही, स्पष्ट लिहितो. बोटं भूपाची आणि नाव धानीचं, असा राग होत नाही. रागाचं चलन असतं, म्हणजे चालायची रीत, न्यासाच्या म्हणजे थांबायच्या जागा असतात. ज्या मिरजेत गायक अब्दुल करीम खाँसाहेब राहिले, जिथं बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विष्णु दिगंबर पलुस्कर गाणं शिकले, त्या गावात सुराच्या बाबतीत अशी सोय काढणं मला जड जातं. बोटांची सवय राग ओढून नेईल आणि ऐकणाऱ्याला भूपच ऐकू येईल. त्यापेक्षा सहा महिने थांबा, पांढरी दोनचा हात बसवा.

वाईचा_व्हायोलिन · २१ सप्टेंबर, रात्री १०:४०

तुमची भीती खरी आहे, टाळून चालणार नाही. भूपात बोटं जिथं विसावतात तो बासरीचा सा इथं कोमल गंधार आहे. धानीत गंधार वादीच, म्हणजे मुख्य सूरच, आहे म्हणून तिथं थांबणं चुकत नाही, पण तान तिथं संपवली तर भूप झाला. प्रत्येक वेळी परत तंबोऱ्याच्या सा वर, म्हणजे पाच बोटांवर यायचं. ताईंनी पंधरा दिवस फक्त एवढंच करावं, तंबोरा लावून मुक्कामाची जागा बदलायची. चलन तेवढ्यात येईल असं मी म्हणत नाही, पण अकरा वर्षांच्या हाताला सा ची जागा कळते.

भौतिकशास्त्र_सर · २२ सप्टेंबर, सकाळी ६:५०

एक सूक्ष्म गोष्ट. बासरीचा धैवत शुद्ध, म्हणजे सा च्या ५/३ ला असेल, तर त्याच्यापासून वरच्या रिषभाचं अंतर २७/२० येतं. खरा मध्यम ४/३ हवा. फरक ८१/८०, सुमारे २२ सेंट. म्हणजे तुमचा मध्यम किंचित चढा लागेल. ट्यूनर लावून केलेल्या बासरीत हा फरक जवळजवळ नसतो, पण हातानं जुळवलेली असेल तर कान ठेवा.

तरफेची_तार · २२ सप्टेंबर, सकाळी ९:१५

सरांच्या हिशोबाला आमच्याकडं सोपं माप आहे. काकांना म्हणा एक तरफ नीट मध्यमाला लावा आणि सतारीला हात न लावता मांडीवर धरून बसा. तुम्ही समोर बसून मध्यम फुंका. बरोबर लागला की तरफ आपोआप बोलते. चढा असेल तर गप्प राहते. बासरी ओठाकडं जराशी आत वळवत आणा, ज्या क्षणी तरफ झणकली तो तुमचा मध्यम.

कृष्णाकाठची_बासरी · २८ सप्टेंबर, रात्री ११:५०

तरफेची_तार दादा, हे तुम्ही काय सांगितलंत!

आज दुपारी काकांच्या माजघरात बसलो. पंखा बंद, दार लोटलेलं. काकांनी सतार मांडीवर घेतली, डावा हात दांडीला, उजवा गुडघ्यावर. मी मध्यम फुंकला, काही नाही. परत फुंकला आणि केसाएवढी बासरी आत वळवली. काही नाही. तिसऱ्यांदा अजून थोडी वळवली आणि समोरून, कुणी हात न लावता, एकदम बारीक झण्ण असा आवाज उठला, मी फुंकायची थांबले तरी तो राहिला. काकांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "परत." असं पंधरा-वीस वेळा केलं. मग पंचमाची तरफ, मग गंधाराची. काकू चहा घेऊन आल्या त्या तिथंच उंबऱ्यात बसल्या.

माझ्या बासरीनं त्यांची सतार वाजतेय हे मी पहिल्यांदा बघितलं. गणपतीत मी तिला नुसती झाकत होते.

घराणं_आणि_रियाज, तुमचंही मनावर घेतलंय. पाच बोटांवर परत येणं अजून दहातल्या सात वेळा जमतं, तीन वेळा बोटं जुन्या सा ला जाऊन बसतात. पांढरी दोनची बासरीपण परत केलेली नाही, रोज वीस मिनिटं हात ताणते.

कृष्णाकाठची_बासरी · ७ ऑक्टोबर, पहाटे १:३०

आत्ताच सगळं आवरून वर आले, झोप येणार नाही म्हणून लिहूनच टाकते.

साउंडवाले दादा, तुमचं शंभर टक्के ऐकलं. सतारीला एक माइक, एक छोटा स्पीकर, बासरी तशीच. तबल्याला भाच्यानं बायाँवर रुमाल टाकला. सरांच्या सांगण्यावरून बासरी शालीत गुंडाळून मांडीवर ठेवली होती, तरी साडेदहानंतर गारवा चढला तसा फरक जाणवायला लागला, मग काकांनी दोन मिनिटं थांबून तारेवरचा मणका सरकवून बाजाची तार उतरवून घेतली. लोक दूध पीत होते, कुणाला काही वाटलं नाही.

आलाप काकांनी एकट्यानं सुरू केला. मंद्रात, खर्जाच्या तारेवर. बारा मिनिटं मी बासरी मांडीवर ठेवून नुसती बसले, मावशी, बारा मिनिटं! सुरुवातीला हाताचं काय करावं कळेना, मग विसरूनच गेले. इतक्या वर्षांत काकांचा खर्ज इतक्या जवळून मी ऐकलाच नव्हता. ते मध्य सा ला आले, मींड घेऊन गंधारावर थांबले, तो सूर विरत चालला आणि तो पूर्ण जायच्या आत मी तोच गंधार खालून उचलला, अगदी हलका. पुढं गतीत आम्ही तसंच ठेवलं, ते तोडा घेतायत तेव्हा मी गप्प किंवा नुसता सा, मी तान घेतेय तेव्हा ते चिकारीवर.

दोनदा चुकले. एकदा तान भूपात जाऊन संपली, काकांनी लगेच सा वर दा दिला आणि मला परत आणलं. दुसऱ्यांदा शेवटच्या जलद 'झाला'मध्ये मी घाईला आले. रेकॉर्डिंग आहे, उद्या इथं टाकते, घराणं_आणि_रियाज तुम्ही आवर्जून ऐका आणि जे चुकलंय ते लिहा.

शेवटी सगळे गेल्यावर काका सतारीला खोळ घालत होते. मी वाट बघत होते काय म्हणतील. ते म्हणाले, "बाजाची तार जुनी झालीय, बदलायला हवी. आणि पुढच्या वेळी विलंबित थोडं वाढवू. तुला रविवारी वेळ आहे का?"

पेटीवाली_मावशी · ७ ऑक्टोबर, सकाळी ६:४०

रविवारी जा हो बाळा. आणि रेकॉर्डिंग टाक लवकर, मी सकाळपासून दोनदा उघडून बघितलं.